स्वल्पविराम आणि उभयान्वयी अव्यय : एका इंग्रजी वाक्याचे परीक्षण

इंग्रजी लेखनाच्या आपल्याकडील अध्यापनात स्वल्पविरामाचे प्रकरण सर्वांत उपेक्षित राहिले आहे. 'वाचताना जेथे क्षणभर थांबावे लागते तेथे स्वल्पविराम द्यावा' आणि 'अँड किंवा ऑर यांच्यापूर्वी तो देऊ नये', या दोन सूत्रांवर बहुतेक विद्यार्थ्यांची भिस्त असते. पहिले सूत्र उच्चाराचे, दुसरे स्थानाचे. वाक्याच्या अन्वयाचा विचार दोहोंतही नाही. ही उणीव केवढी महाग पडू शकते, हे अमेरिकेतील मेन राज्याच्या एका कायद्यावरून दिसून येते.

जादा कामाचा वाढीव मोबदला कोणत्या कामांना मिळणार नाही, याची यादी त्या कायद्यात होती. नाशवंत खाद्यपदार्थांच्या संबंधातील त्या यादीचा शेवट असा होता : 'मार्केटिंग, स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. ओकहर्स्ट डेअरीच्या वाहनचालकांचे काम वितरणाचे; आवेष्टनाशी त्यांचा संबंध नव्हता. तेव्हा प्रश्न असा, की 'डिस्ट्रिब्यूशन' हे यादीतील स्वतंत्र काम मानावयाचे, की ज्यासाठी आवेष्टन करावयाचे ते केवळ एक प्रयोजन?

दोन्ही पक्षांचे युक्तिवाद अभ्यासकाने मुळातून पाहावेत असे आहेत. चालकांचे म्हणणे : 'ऑर'पूर्वी स्वल्पविराम नाही; शिवाय यादीतील सर्व कामे 'इंग'कारान्त धातुसाधित नामांनी सांगितली आहेत, आणि 'डिस्ट्रिब्यूशन'चे रूप मात्र 'शिपमेंट'शी जुळते; म्हणून ती दोन्ही नामे 'फॉर'च्या अधीन आहेत. डेअरीचे उत्तर : तसे मानल्यास 'पॅकिंग' हे यादीतील शेवटचे पद ठरते, आणि मग त्याच्यापूर्वी उभयान्वयी अव्यय कोठे आहे? एका पक्षाची भिस्त अनुपस्थित स्वल्पविरामावर, तर दुसऱ्याची अनुपस्थित अव्ययावर. 2017 च्या मार्च महिन्यात संघीय अपील न्यायालयाने वाक्य संदिग्ध ठरविले आणि, कायद्याचा हेतू कामगारांच्या हिताचा असल्याने, कौल चालकांच्या बाजूने दिला. 2018 मध्ये 50 लाख डॉलरांवर तडजोड झाली.

या निकालाचा 'ऑक्सफर्ड स्वल्पविरामाचा विजय' म्हणून बराच गाजावाजा झाला. आमच्या मते हा निष्कर्ष उथळ आहे. शेवटच्या पदापूर्वीचा स्वल्पविराम संदिग्धता जशी घालवितो तशी निर्माणही करतो. 'माय ब्रदर, अ डॉक्टर, अँड अ लॉयर' या रचनेत माणसे दोन की तीन? 'अ डॉक्टर' हे भावाचे विशेषण मानल्यास दोन, स्वतंत्र पद मानल्यास तीन. आणि येथे संशयाला कारण झाला आहे तो स्वल्पविरामच. तात्पर्य, चिन्ह आणि अव्यय ही एकमेकांच्या आधारेच वाचावी लागतात, आणि दोहोंना अर्थ येतो तो पदांच्या समान रूपामुळे. मेनच्या विधिमंडळाने पुढे केलेली दुरुस्ती हेच सुचविते. तिने पदांमध्ये अर्धविराम घातले, 'ऑर'पूर्वीही एक घातला. आणि 'डिस्ट्रिब्यूशन'च्या जागी 'डिस्ट्रिब्यूटिंग' हे रूप योजिले. चिन्हाइतकीच रूपाचीही दुरुस्ती आवश्यक वाटली, हे लक्षणीय आहे.

मराठी विद्यार्थ्याला हा दोष सहसा जाणवत नाही, याचे कारण त्याच्या भाषेत आहे. हेच वाक्य मराठीत आणू गेल्यास 'पाठवणी किंवा वितरण यांसाठी आवेष्टन' असे तरी म्हणावे लागते, किंवा 'पाठवणीसाठी आवेष्टन, तसेच वितरण' असे तरी. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते. त्यामुळे वितरण हे प्रयोजन की काम, याचा निर्णय लेखकाला आधीच करावा लागतो. इंग्रजीत 'फॉर' पुढे येतो आणि त्याची सत्ता कोठे संपते ते सांगण्याचे काम विरामचिन्हावर पडते. आपण विरामचिन्हे इंग्रजीच्या अनुकरणाने घेतली. परंतु ती ज्या पदक्रमाची गरज भागवितात तो पदक्रम आपला नव्हे. म्हणून मराठीची सवय इंग्रजीत पुरत नाही.

यास्तव पदव्युत्तर वर्गात स्वल्पविरामाचे नियम पाठ करून घेण्यापूर्वी प्रत्येक यादीचा अन्वय लावण्याचा सराव द्यावा : पदे किती, त्यांची रूपे समान आहेत काय, आणि अव्यय कोणत्या दोन पदांना जोडते. या तीन प्रश्नांची उत्तरे निश्चित झाली, म्हणजे चिन्ह कोठे द्यावयाचे याविषयी फारसा वाद उरत नाही. आणि ती निश्चित होत नसतील, तर वाक्यच नव्याने लिहिणे हिताचे होय.