जीवन आणि क्वांटम : दोन ग्रंथांच्या निमित्तानें

एका शास्त्राच्या पंडितानें दुसऱ्याच्या शेतांत पाऊल टाकलें, म्हणजे दोन्हीकडचे मालक त्याच्याकडे संशयानें पाहूं लागतात. एर्विन श्रोडिंगर यांनीं हें साहस १९४३ च्या फेब्रुवारींत डब्लिन येथील ट्रिनिटी कॉलेजांत केलें. क्वांटम सिद्धान्ताच्या जनकांत ज्यांची गणना होते, अशा ह्या पदार्थशास्त्रज्ञानें तेथें जीवनाच्या स्वरूपावर व्याख्यानें दिलीं. पुढल्याच वर्षीं तीं ‘व्हॉट इज लाइफ?’ या नांवानें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. त्यानंतर सत्तर वर्षांनीं, २०१४ सालीं, जिम अल्-खलिली व जॉनजो मॅक्फॅडन यांचा ‘लाइफ ऑन दि एज’ हा ग्रंथ निघाला. पहिला ग्रंथ प्रश्न विचारतो. दुसरा, उत्तरें मिळूं लागलीं, असें उत्साहानें सांगतो. हे दोन्ही ग्रंथ आम्हीं अलीकडे एकापाठोपाठ पुन्हा वाचले. त्या वाचनानें आमचें जें मत बनलें, आणि विशेषतः जें बदललें, तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें.

श्रोडिंगरांचा प्रश्न साधा पण मर्मभेदी आहे. आनुवंशिक गुण वाहणारा कण मोजक्याच परमाणूंचा. शरीराच्या उष्णतेनें त्यास अहोरात्र धक्के बसत असतात. मग हॅब्सबर्ग राजघराण्यांतील विशिष्ट ठेवणीचा ओठ शतकानुशतकें तसाच कसा उतरतो? त्यांचें उत्तर असें कीं, जिन्याच्या दोन पायऱ्यांमध्यें ज्याप्रमाणें पाय टेकतां येत नाहीं, त्याप्रमाणें रेणूच्या अवस्थाही ठराविकच असतात, आणि एकीवरून दुसरीवर जाण्यास लहानसहान धक्का पुरत नाहीं. ही कल्पना मूळची माक्स डेल्ब्र्युक यांची, हें ते मोकळेपणानें सांगतात. मॅक्स पेरुट्झ यांनीं १९८७ सालीं या ग्रंथावर कठोर अभिप्राय दिला: त्यांतील खरें तें नवें नव्हे, आणि नवें तें बहुतांशीं खरें नव्हे. हा अभिप्राय अन्यायाचा नाहीं, पण अपुरा आहे. कांहीं ग्रंथांची थोरवी त्यांनीं कोणास कामाला लावलें यावरून ठरते. डीएनएची रचना १९५३ सालीं उलगडणारे वॉटसन व क्रिक या दोघांनींही या लहानशा पुस्तकाचें ऋण मान्य केलें आहे.

तथापि श्रोडिंगरांच्या अर्थानें पाहिल्यास दगडही क्वांटम नियमांवरच टिकून आहे. दुसऱ्या ग्रंथाचा दावा याहून पुष्कळ मोठा आहे. एकाच वेळीं अनेक मार्गांनीं जाणें, ओलांडतां न येणाऱ्या भिंतींतून आरपार निघणें, हे परमाणुलोकांतील चमत्कार उबदार, ओलसर, गजबजलेल्या पेशींतही घडतात व जीवन त्यांचा उपयोग करून घेतें, असें त्यांत प्रतिपादिलें आहे.

यांतील सर्वांत मोहक पुरावा प्रकाशसंश्लेषणाचा. बर्कली येथील ग्रॅहम फ्लेमिंग यांच्या गटानें २००७ सालीं असें मांडलें कीं, रंगद्रव्यांत शिरलेली प्रकाशाची ऊर्जा लाटेप्रमाणें सर्व वाटा एकदम चोखाळून सोईची वाट शोधीत असावी. आम्हीं ही गोष्ट वर्गांत कित्येक वर्षें रंगवून सांगितली. खिडकीबाहेरच्या पिंपळाकडे बोट करून, ‘हें पान या क्षणीं क्वांटम गणित सोडवीत आहे,’ असें म्हटलें कीं शेवटच्या बांकावरचे विद्यार्थीही मान वर करीत. एके वर्षीं एका विद्यार्थिनीनें मूळ निबंध वाचून येऊन विचारलें, ‘सर, पण प्रयोग पानावर झालाच कुठें?’ खरोखरच तो झाला नव्हता. तो झाला होता हरित गंधक-जीवाणूंपासून मिळविलेल्या एका प्रथिनावर, आणि तोही उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानांत. पुढें उष्ण तापमानांतही तशींच आंदोलनें दिसल्याचे निबंध आले खरे. परंतु २०१७ मधील मोजणींत, सामान्य तापमानांत ही सुसंगति सुमारें ६० फेम्टोसेकंदांतच मावळते, असें आढळलें. ऊर्जेच्या प्रवासास याच्या कित्येक पट वेळ लागतो. २०२० सालीं या क्षेत्रांतील अनेक संशोधकांनीं एकत्र लिहून कबूल केलें कीं, तीं दीर्घ आंदोलनें मुख्यतः रेणूंच्या कंपनांचीं होतीं. आम्हांस आमचें वाक्य भर वर्गांत परत घ्यावें लागलें. त्या वर्गापुरतें तें झालें; आधींच्या तुकड्या पिंपळाचें तें गणित बरोबर घेऊनच निघून गेल्या, ही टोंचणी मात्र अजून गेलेली नाहीं.

२०१४ च्या ग्रंथास २०१७ चें ज्ञान नव्हतें, हा त्याचा दोष नव्हे. दोष असला तर तो स्वराचा आहे. ‘असावें’ या शब्दाच्या जागीं ‘आहे’ हा शब्द फार लवकर येऊन बसतो. आणि तोच आमचाही दोष होता.

याउलट, जो पुरावा कोणी रंगवून सांगत नाहीं, तोच भक्कम ठरला आहे. ज्युडिथ क्लिनमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८९ सालीं यीस्टमधील एक एन्झाइम घेतलें आणि साध्या हायड्रोजनच्या जागीं त्याचीं जड भावंडें ठेवून वेग मोजला. भिंत चढून जाणाऱ्याचा वेग वजनानें जितका कमी व्हावा, त्याच्याशीं आंकडे जुळेनात. हायड्रोजन कांहीं अंशीं भिंतींतून जातो, असें मानल्यावर ते जुळले. हें घडलें २५ अंश तापमानांत.

तिसरा पुरावा या दोहोंच्या मध्यें उभा आहे. ‘लाइफ ऑन दि एज’चा आरंभच युरोपांतील रॉबिन पक्ष्याच्या प्रवासानें होतो, आणि तीं पानें खरोखर सुंदर आहेत. पृथ्वीचें चुंबकत्व ह्या पक्ष्यास कळतें. क्लाउस शुल्टन यांनीं १९७८ सालीं सुचविलें कीं, इलेक्ट्रॉनांच्या जोडीवर अवलंबून असलेली एखादी रासायनिक क्रिया यामागें असावी; पुढें डोळ्यांतील क्रिप्टोक्रोम या प्रथिनावर संशय आला. २०२१ सालीं ओल्डेनबर्ग व ऑक्सफर्ड येथील संशोधकांनीं रॉबिनचें क्रिप्टोक्रोम परीक्षानळींत चुंबकास प्रतिसाद देतें, हें दाखविलें. परंतु परीक्षानळी म्हणजे पक्षी नव्हे. जिवंत डोळ्यांत हेंच घडतें, हें सिद्ध व्हावयाचें आहे.

शेवटीं आपल्या घरांतील गोष्ट. श्रोडिंगरांनीं ग्रंथाच्या उपसंहारांत उपनिषदांचा, आत्मा व ब्रह्म यांच्या ऐक्याचा, आदरानें उल्लेख केला आहे. तेवढें पान उघडून ‘पहा, विज्ञानानें वेदान्त सिद्ध केला,’ असें म्हणणारे सुशिक्षित गृहस्थ आम्हांस वारंवार भेटतात. त्यांस आमची विनंती एवढीच कीं, उपसंहार आरंभापासून वाचावा. हें आपलें वैयक्तिक मत आहे, असें ग्रंथकारानें तेथें प्रथमच बजावलें आहे. उपनिषदें परीक्षानळीच्या प्रमाणपत्राची वाट पाहत बसलेलीं नाहींत. तें त्यांच्या माथीं मारणें हा त्यांचाही अपमान आहे. आज फेम्टोसेकंदांच्या आधारावर त्यांस उभें केलें, तर उद्यां तीं मोजणी बदलली असतां काय करावयाचें?

दोन्ही ग्रंथ घरीं असावे, वयांत आलेल्या मुलामुलींनीं ते वाचावे. पहिला सावकाश वाचावा. दुसरा वाचतांना हातीं शिसपेन्सिल असावी, आणि प्रत्येक ठाम विधानाच्या समासांत तीन प्रश्न लिहावे: प्रयोग कशावर झाला? किती तापमानांत? आणि पुन्हा कोणी करून पाहिला काय? हे प्रश्न आम्हीं आमच्या विद्यार्थिनीपासून शिकलों. ते पंचवीस वर्षें आधीं शिकलों असतों, तर बरें झालें असतें.