प्लॅटिनमयुक्त कर्करोग-औषधे आणि डीएनए : एका रूढ स्पष्टीकरणाची चिकित्सा

प्रास्ताविक :
पदवी स्तरावरील अध्यापनात सिसप्लॅटिनचा उल्लेख बहुधा सिस-ट्रान्स समघटकतेचे उदाहरण म्हणून येतो. ‘हे औषध डीएनएला जोडले जाते आणि कर्कपेशी मरते’ एवढ्या वाक्यात विषय संपविला जातो. हे विधान असत्य नाही. मात्र ते अपुरे आहे. प्रस्तुत टिपणात या अपुरेपणाचा परामर्श घेतला आहे.

विवेचन :
बार्नेट रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये प्लॅटिनमच्या संयुगांमुळे जिवाणूंचे विभाजन थांबते, असे दाखवून दिले. १९७८ मध्ये सिसप्लॅटिनला अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. रक्तात क्लोराइडचे प्रमाण अधिक असल्याने हा रेणू बराचसा अविकृत राहतो. पेशीत ते कमी असल्याने क्लोराइडची जागा पाणी घेते आणि प्लॅटिनम ग्वानिनच्या सातव्या क्रमांकाच्या नायट्रोजनशी बंध साधते. एकाच धाग्यावरील दोन लगतचे ग्वानिन असे बांधले गेले की डीएनए त्या ठिकाणी वाकतो. ट्रान्स समघटकात दोन्ही क्लोराइड परस्परविरुद्ध दिशांना असल्याने त्याला लगतचे ग्वानिन असे जोडता येत नाहीत.

येथवरचे स्पष्टीकरण निर्दोष आहे. अडचण पुढे आहे. बंध म्हणजे मृत्यू नव्हे. पेशी हा दोष छेदून दुरुस्त करू शकते. ही क्षमता कमी असल्यामुळेच वृषणाच्या कर्करोगात औषध विशेष प्रभावी ठरते, असे मानले जाते. शिवाय ग्वानिन निरोगी पेशीतही असते. मूत्रपिंड, श्रवणशक्ती व मज्जातंतू यांना होणारी इजा हे औषध केवळ कर्कपेशी ओळखत नाही, याची साक्ष देते. ऑक्सॅलिप्लॅटिन हे तर मुख्यतः रायबोसोम-निर्मितीत अडथळा आणून पेशी मारते, असे २०१७ मधील संशोधनातून पुढे आले. म्हणजे एकाच कुळातील औषधांनाही एकच स्पष्टीकरण पुरत नाही.

स्थानिक संदर्भ :
गर्भाशयमुखाच्या वाढलेल्या कर्करोगात किरणोपचारासोबत सिसप्लॅटिन दिले जाते. याच रोगाच्या पूर्वतपासणीचा मोठा अभ्यास तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात झाला. १९९९ पासून ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात समाविष्ट होत्या. एचपीव्ही विषाणूच्या एकाच चाचणीने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तुलनागटातील स्त्रियांना तपासणी मिळाली नाही, यावर पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले. रोग वाढल्यावर रेणूवर जी भिस्त ठेवावी लागते, ती वेळीच केलेल्या तपासणीने अनेकींच्या बाबतीत टाळता येते, हे या आकड्यांतून दिसते.

निष्कर्ष :
सिसप्लॅटिन शिकविताना बंधाबरोबर दुरुस्ती, दुष्परिणाम आणि पूर्वतपासणी यांचीही चर्चा व्हावी. ज्या जिल्ह्यातील स्त्रियांच्या सहभागातून जगाला पुरावा मिळाला, तेथील विद्यार्थ्याला हा रेणू केवळ परीक्षेतील दोन गुणांचा प्रश्न वाटू नये.