निरोपाचें भाषण आणि गुणवंतांचा फलक

वाङ्मयाची चर्चा करितांना आपण बहुधा छापील ग्रंथांपुरतेंच पाहतों. परंतु ठरलेल्या प्रसंगीं, ठरलेल्या रीतीनें, पिढ्यानुपिढ्या जें बोललें जातें तेंही एक प्रकारचें वाङ्मयच होय, आणि त्याचे गुणदोष पाहण्याचा टीकाकारास अधिकार आहे. कीर्तन, पोवाडा, लग्नांतील मंगलाष्टकें यांवर आमच्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें. शाळेच्या शेवटच्या वर्गांतील मुलांना दरसाल जो निरोप देण्यांत येतो, त्यांतील भाषणें मात्र टीकेच्या कक्षेबाहेरच राहिलीं आहेत. महाराष्ट्रांत दरवर्षीं पंधरा लाखांच्या आसपास मुलें दहावीच्या परीक्षेस बसतात. निरोपाच्या भाषणाला लाभणारा हा श्रोतृवर्ग आमच्या कोणत्याही ग्रंथकारास हेवा वाटावा असा आहे.

हा समारंभ त्याच्या साध्या स्वरूपांत पाहावयाचा असेल तर शहर सोडून बोर्ली पंचतनसारख्या गांवीं जावें. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यांतील हें बाजाराचें गांव. दिवेआगर त्याच्या शेजारीं, दिघीचें बंदर जवळ. भोंवतालच्या वाड्यांतील मुलें पायीं किंवा एस्‌. टी.नें येथें शिकावयास येतात. परीक्षेच्या अगोदर, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, नववीचा वर्ग रांगोळी घालतो, सरस्वतीची तसबीर मांडतो, आणि दहावीच्या मुलांना समोर बसवितो. मुली त्या दिवशीं आईचें किंवा मावशीचें लुगडें सांवरीत येतात. मुलगे इस्त्रीचा सदरा घालून उगाचच मोठ्या आवाजांत बोलतात. वर्गणी काढून घेतलेलें भिंतीवरचें घड्याळ शाळेस भेट दिलें जातें. भाषणें होतात, एक छायाचित्र निघतें, पोहे होतात आणि मुलें घरीं जातात. एवढाच हा सोहळा. पण कोंकणच्या किनाऱ्यावर त्याला एक विशेष अर्थ आहे. येथें शाळेचा निरोप हा अनेकांच्या बाबतींत गांवाचाही निरोप ठरतो. आज बांकावर शेजारीं बसलेल्या मुलांपैकीं कितीएक दोनचार वर्षांत मुंबई-पनवेलीस गेलेलीं असतात, आणि पुढें त्यांची गांठ पडते ती गणपतींत किंवा शिमग्यांत.

असा अर्थ ज्या प्रसंगाच्या पोटांत आहे, त्या प्रसंगीं बोललें काय जातें? आम्हीं अशीं भाषणें गेलीं कित्येक वर्षें ऐकत आलों आहों, आणि त्यांची घडण सर्वत्र एकच आढळते. आरंभीं व्यासपीठावरील मान्यवरांस क्रमानें वंदन. नंतर शिक्षक हे कुंभार व आम्ही मातीचे गोळे. मग शाळा ही दुसरी आई. शेवटीं पंख फुटलेलीं पांखरें. ह्यांतील एकही उपमा खोटी नाहीं, परंतु एकही बोलणाऱ्याची नाहीं. पहाटेची एस्‌. टी. गांठण्यासाठीं पांच वर्षें अंधारांतून आलेली मुलगी त्या अंधाराविषयीं एक अक्षर बोलत नाहीं. भाषेचें हें दारिद्र्य मुलांचें नव्हे. त्यांना तयार भाषण लिहून देणाऱ्या वडील मंडळींचें आहे.

परंतु उसन्या उपमा हा ह्या भाषणाचा मुख्य दोष नव्हे. तें भाषण कोणास उद्देशून केलें जातें, हें पाहिलें पाहिजे. निरोप घ्यावयाचा असतो मुलांनीं एकमेकांचा. बोलणें होतें तें सारें व्यासपीठाशीं. ‘माझ्या मित्रमैत्रिणींनो’ एवढें संबोधन त्यांच्या वांट्यास येतें, आणि वक्ता पुन्हां मान्यवरांकडे वळतो. अशाच एका समारंभांत एक मुलगा पाठ केलेलें भाषण मध्येंच विसरला. क्षणभर गोंधळून त्यानें समोरच्या एका सोबत्याकडे बोट दाखविलें आणि आपली बस चुकली कीं हा आपल्यासाठीं पुढच्या बसपर्यंत थांबत असे, एवढेंच सांगितलें. मुलें प्रथम हंसलीं, मग एकदम गप्प झालीं. त्या दिवशींच्या साऱ्या वक्तृत्वांत निरोपाचें म्हणतां येईल असें वाक्य तेवढें एकच होतें, आणि तें विस्मरणाच्या कृपेनें मिळालें.

गुणवंतांच्या सत्काराचीही हीच स्थिति आहे. सन्मान म्हणजे कोणीतरी कोणास तरी एका विशिष्ट गोष्टीसाठीं ओळखणें. १९१२ सालच्या मॅट्रिक परीक्षेंत चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे मुंबई विद्यापीठांत पहिले आले, आणि संस्कृतासाठीं असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. त्यांचा जन्म १८९६ सालचा, महाडजवळच्या नाते गांवचा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांतीलच. १९४३ सालीं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व पुढें देशाचे अर्थमंत्री झाले, हें सर्वश्रुत आहे. आम्हांस अधिक मोलाची वाटते ती गोष्ट निराळी: अर्थकारणाच्या व्यापांतही त्यांचें संस्कृत सुटलें नाहीं, आणि मेघदूत त्यांनीं मराठींत आणलें. ती शिष्यवृत्ति एका विषयाची होती व एका माणसाच्या नांवाची होती. आपला सन्मान कशासाठीं झाला हें त्या मुलास ठाऊक होतें.

आज फलकावर नांवापुढें शेंकडेवारी लिहिली जाते. मंडळाची गुणवत्ता यादी ह्या शतकाच्या पहिल्या दशकांत बंद झाली आणि मुलांवरील एक ओझें उतरलें, हें बरेंच झालें. परंतु तिच्या जागीं सन्मानाची दुसरी कल्पना आपण आणली नाहीं. २०२१ सालीं परीक्षाच न होतां राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. २०२४ सालीं परीक्षा होऊन तो ९५.८१ टक्के लागला. इतकीं मुलें जेथें उत्तीर्ण होतात, तेथें आंकडा मुलाविषयीं फारसें सांगूं शकत नाहीं. आणखी एक गंमत अशी, कीं मंडळाच्या ‘कोंकण विभागा’च्या भरघोस निकालाचें कौतुक दरसाल होतें, त्या विभागांत रायगड नाहींच, केवळ रत्नागिरी व सिंधुदुर्ग आहेत. बोर्लीचीं मुलें मंडळाच्या दप्तरीं मुंबईचींच आहेत. प्रत्यक्ष जाण्यापूर्वींच तीं तेथें पोंचलेलीं असतात.

२०२० सालचा वर्ग ह्या दृष्टीनें विसरतां येत नाहीं. त्या वर्षीं साथीमुळें भूगोलाची परीक्षा रद्द झाली व इतर विषयांच्या सरासरीनें गुण दिले गेले. ३ जून रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ ह्याच किनाऱ्यावर धडकलें. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचीं छपरें उडालीं. निकाल लागला तो २९ जुलैस. मधल्या आठ आठवड्यांत ह्या पट्टींतील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनीं घरोघर जीं कामें केलीं असतील, त्यांना गुणपत्रिकेंत रकाना नव्हता. गुणपत्रिकेंत तो नसावा हें योग्यच. परंतु शाळेच्या सत्कारांतही तो नसावा काय?

आतां कोणी म्हणेल, कीं पाश्चात्यांनीं हा प्रश्न अधिक चांगला सोडविला आहे. अमेरिकेंत ह्याच सुमाराच्या मुलांसाठीं ‘प्रॉम’ नांवाचा नृत्यसमारंभ असतो. ‘प्रॉमिनेड’ ह्या शब्दाचें तें संक्षिप्त रूप. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील महाविद्यालयांत ही चाल निघाली, व दोन महायुद्धांच्या दरम्यान ती हायस्कुलांत पसरली. मुंबई-पुण्याच्या कांहीं शाळांत आतां तिचें अनुकरण होतें. त्यावर नाक मुरडणें सोपें आहे, पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे: त्या समारंभांत मुलें व्यासपीठाकडे नव्हे, एकमेकांकडे पाहतात. तथापि तेथेंही सन्मानाच्या पोटांत अपमान लपलेला असतो. स्टीफन किंग यांच्या १९७४ सालच्या ‘कॅरी’ ह्या कादंबरींत प्रॉमच्या रात्रीं जिला राणीचा मान मिळतो, तिचीच क्रूर विटंबना होते. ज्याला जोडीदार नाहीं, ज्याच्यापाशीं पोशाखाला पैसे नाहींत, त्याला ही रात्र काय देते? म्हणून नाच उचलून आणल्यानें आपलें काम भागणार नाहीं. आईचें लुगडें नेसून आलेल्या मुलीनें मोठेपणाचा उंबरठा आपल्या रीतीनें ओलांडलेलाच आहे. उणीव आहे ती बोलण्याची.

ही उणीव आमच्या ललितकृतींनीं मात्र ओळखली आहे. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ आणीबाणीच्या काळांतील नववीच्या वर्गाची कथा. मुकुंद जोशी व शिरोडकर यांच्यांत जें उमलतें त्याला बोलावयास अधिकृत जागाच नाहीं. अखेरीस ती गांवांतून निघून जाते, आणि जोशीपुढें दहावीचें वर्ष उभें राहतें. आमच्या उत्कृष्ट शालेय कादंबरींत निरोपसमारंभ नाहीं, निरोप न घेतां आल्याचें दुःख आहे. ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. ‘दहावी फ’ ह्या सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या २००२ सालच्या चित्रपटानें दुसरी बाजू दाखविली: गुणांवर पाडलेली तुकडी हीच एक मानखंडना होते, आणि कष्ट करून केलेली भरपाई हाच खरा सन्मान ठरतो. पु. ल. देशपांडे यांचे चितळे मास्तर थोर वाटतात ते याचसाठीं, कीं त्यांना मुलाचे गुण नव्हे, मूल ठाऊक असतें.

मुलांमुलींना एकमेकांशीं बोलूं दिलें तर शिस्त बिघडेल, अशी शंका शिक्षकबंधु घेतील. ती निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जें शाळेंत बोलूं दिलें जात नाहीं तें खिशांतल्या यंत्रावर बोललें जातेंच, आणि तेथें त्याला भाषा शिकविणारा कोणी नसतो. चारचौघांत, मर्यादेनें, खरें तें बोलणें ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि तिचा शेवटचा तास हाच आहे.

कोंकणांतील अनेक शाळांतून जीं पारितोषिकें दिलीं जातात, तीं वडिलांच्या किंवा आजीच्या स्मरणार्थ मुंबई-पुण्याच्या कुटुंबांनीं ठेवलेलीं असतात. आमच्या वाचकांतही असे दाते असतील. त्यांस आमची सूचना एवढीच, कीं देणगीबरोबर एक अट घालावी: पारितोषिक कशासाठीं हें एका वाक्यांत मोठ्यानें सांगितलें जावें, आणि तें वाक्य वर्गांतील एखाद्या सोबत्यानें रचलेलें असावें. त्याच दिवशीं प्रत्येक जाणाऱ्या मुलाचें नांव एकदां उच्चारलें जावें, मग तो पहिला असो वा नापास होण्याच्या भीतींत असलेला असो. ह्याला खर्च नाहीं, वेळ लागेल. पण व्यासपीठावरील मान्यवरांनीं आपापलीं भाषणें थोडीं आंवरलीं, तर तो सहज मिळण्यासारखा आहे.