सुगरणीचा खोपा : निसर्गसत्य आणि काव्यसत्य

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची सुगरणीच्या खोप्यावरील कविता १९५२ साली त्यांच्या संग्रहातून प्रसिद्ध झाली. इवल्याशा चोचीने पिलांसाठी घर विणणारी माता, असेच तिचे चित्र वाचकांच्या मनात रूढ आहे. वस्तुतः खोपा विणतो तो नर. मग या कवितेचे मूल्य कितपत टिकते, हा प्रश्न टाळण्याजोगा नाही.

सलीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळील किहीम येथे या पक्ष्याच्या विणीचे निरीक्षण केले. त्यावरील निबंध १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यातून उलगडलेला क्रम उद्बोधक आहे. पावसाळ्यात माथा पिवळा झालेले नर एकाच झाडावर वसाहत करून विणकाम आरंभतात. खोप्याला अर्धवट शिरस्त्राणाचा आकार आला की माद्या येतात. नर पंख फडफडवीत त्यांना आवाहन करतात. मादी आत शिरून खोपा पारखते. तिने तो पत्करला तरच जोडी जमते, आणि मगच नर अंड्यांची खोली व नळीसारखी लांब वाट पुरी करतो. नाकारलेले खोपे अर्धवट लोंबत राहतात. मादी अंडी उबवू लागली की नर दुसऱ्या खोप्याला हात घालतो व दुसऱ्या मादीची आराधना करू लागतो.

या माहितीपुढे मातेच्या जागी प्रियकराची स्थापना करण्याचा मोह होतो. परंतु प्रियेसाठी महाल रचणारा नर ही कल्पनाही तितकीच मानवी आहे. पुढे त्याच नराला बेइमान ठरविणे तर अधिकच अप्रस्तुत होय. येथील सहवास विणीच्या गरजेपुरता असतो. निष्ठा व प्रतारणा हे शब्द त्याला लागू पडत नाहीत.

कवितेवर चुकीचा ठपका ठेवतानाही विवेक हवा. ‘सुगरण’ हे स्त्रीलिंगी नाव देऊन या कारागिरीचे श्रेय लोकभाषेने आधीच मादीला देऊन टाकले होते; बहिणाबाईंना तो समज वारशाने मिळाला. पिलांसाठी आईने केलेली खटपट हा कवितेचा भाग निसर्गसत्याशी विसंगत आहे, हे मान्यच केले पाहिजे. तथापि कवितेचा कळस तेथे नाही. चोचीवाचून दुसरे साधन नसलेला पक्षी आणि हातांचे व बोटांचे वैभव लाभलेला माणूस यांच्या तुलनेत तो आहे. जन्मभर शेतात व घरात राबलेल्या स्त्रीने हातांना केलेला हा सवाल आहे. विणणारा नर की मादी, यावर त्याचे बळ अवलंबून नाही. ढासळते ते केवळ मातृत्वाचा पाठ म्हणून या कवितेचे केलेले विवरण.

शिवाय, निसर्गसत्याने मादीचे महत्त्व उणावत नाही. अंडी उबविण्याचा भार तिच्यावरच असतो आणि कोणता खोपा नांदता व्हावा हे तीच ठरविते. अलीकडील अभ्यासांनुसार विणीच्या सुबकतेपेक्षा खोप्याच्या जागेला ती अधिक महत्त्व देते. घरातली सुगरणही नुसती रांधणारी नसते; तिला पारख असते. लोकभाषेने दिलेले नाव या दुसऱ्या अर्थाने सार्थच ठरते.