वरच्या कपाटातली पोरं

गिरणीची दुसरी पाळी सुटून सुप्यातल्या खोलीवर येतो तेव्हा भाचा जागाच असतो. आठवीत आहे. परवा 'बोक्या सातबंडे' वाचून हसत होता. मीही हसलो. दिलीप प्रभावळकरांना त्यासाठी २०११ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, मिळायलाच पाहिजे होता. बोक्या अस्सल आहे, अडलेल्याला धावून जातो. पण भाचा म्हणाला, "मामा, त्या अडलेल्याची गोष्ट कुठाय?"

आहे ना! लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त आहे. पोरगं शाळेत जायला लागतं, वस्तीतल्या लेकरांना हगवण-ओकारी होते, आणि जमात म्हणते, ह्याच्या शाळेमुळंच झालं. तेरा वर्षांच्या पोरानं वाचावं असं याहून काय असतं? लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त गाढवांमागं हिंडणारं कैकाड्याचं पोर शाळेसाठी झगडतं. 'उपरा'ला १९८१ साली, 'उचल्या'ला १९८८ साली अकादमीचं पारितोषिक मिळालं. पण ते मोठ्यांचं. आत्मकथन म्हणून शिक्का बसला, पुस्तकं वरच्या कपाटात गेली. २०१० पासून बालसाहित्याचा पुरस्कार वेगळा झाला, तरी ही पोरं वरच. शिव्या आहेत म्हणे त्यांत! आमच्या पोरांना शिव्या काय पुस्तकातनं शिकायच्यात?

अकादमीला बोलून मोकळं होता येत नाही. मी सहा वर्षं कविता लिहितोय, भाच्याच्या वयाच्या पोरासाठी एक पान लिहिलेलं नाही.

काल 'उचल्या' त्याच्या उशाशी ठेवून पाळीला गेलो. रात्री आलो तर मधेच एसटीचं तिकीट खोचलेलं. दार लोटायच्या आत विचारतो, "मामा, शाळा सोडायला लावतात का रे त्याला?"