हसणारा कोण, वारस कोणाचा?

करमणुकीकडे गंभीरपणे पाहू नये, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. विनोदी मालिका हसण्यासाठी असते, जपानी अ‍ॅनिमे पोरासोरांसाठी असते. दोन घटका पाहावे आणि विसरून जावे. हा सल्ला देणारा बहुधा तोच असतो, ज्याच्यावर आजवर कोणी हसलेले नसते. ज्याच्या बोलीवर, रंगावर, आडनावावर भर वर्गात खसखस पिकली आहे, त्याला हसणे ही निरुपद्रवी गोष्ट आहे हे कोणी पटवून देऊ शकत नाही. म्हणून माध्यमांचा अभ्यासक नसलेल्या, फावल्या वेळी मालिका पाहणाऱ्या साध्या प्रेक्षकाच्या मताला मी महत्त्व देतो. शास्त्र त्याला ठाऊक नसते. पण ‘हे लोक कोणावर हसताहेत?’ हा प्रश्न त्याला पडतो. समीक्षेची सुरुवात याच प्रश्नापासून व्हायला हवी.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या विनोदी मालिका आणि जपानची ‘नारुतो’ ही अ‍ॅनिमे मालिका, अशी दोन उदाहरणे मी येथे घेतो. दोन्हींचा देश वेगळा, काळ वेगळा, जातकुळी वेगळी. परंतु दोन्हींच्या केंद्रस्थानी बहिष्कृत माणूस आहे. माझे म्हणणे असे की, प्रस्थापित करमणूक बहिष्कृताला उंबऱ्याच्या आत घेते ती दोन अटींवर. एक तर त्याने विदूषक व्हावे. नाही तर तो मुळात थोराघरचा निघावा. नुसता माणूस म्हणून त्याला प्रवेश नाही.

पहिली अट पाहू. दलित पँथरने १९७२ साली ज्यांच्यापासून नाव घेतले, त्या अमेरिकी कृष्णवर्णीयांचे टेलिव्हिजनवरील चित्रण हा मोठा धडा आहे. ‘अ‍ॅमॉस अँड अँडी’ १९२८ साली रेडिओवर सुरू झाली तेव्हा त्यातील कृष्णवर्णीय पात्रांचे आवाज दोन गोरे नट काढीत. १९५१ साली ती टेलिव्हिजनवर आली. तेथे चेहरे दिसणार, म्हणून कृष्णवर्णीय नट घेतले गेले. पण आळशी, लबाड, मोडके इंग्रजी बोलणारा माणूस हा साचा तसाच राहिला. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने निषेध केला. १९५३ मध्ये मालिका थांबली, १९६६ मध्ये तिचे पुनःप्रक्षेपणही बंद पडले. चेहरा काळा, लेखणी गोरी, असा तो व्यवहार होता.

पुढे १९७४ मध्ये ‘गुड टाइम्स’ आली. शिकागोतील गरिबांच्या सरकारी चाळीत राहणारे एव्हन्स कुटुंब हा तिचा विषय. बापाची नोकरी टिकत नाही, भाडे थकते, तरी घर उभे आहे. आईचे काम करणाऱ्या एस्तेर रोल यांनी या घरात बाप असलाच पाहिजे असा आग्रह धरला होता. कृष्णवर्णीय घर म्हणजे बापाविना मोडलेले घर, हा समज त्यांना खोडायचा होता. धाकटा मुलगा मायकेल जॉर्ज वॉशिंग्टनला वर्णद्वेष्टा म्हणतो आणि शाळेतून काही दिवस काढला जातो, असा एक भाग सुरुवातीच्याच काळात आला. हा खरा विनोद होता. त्यात हशा होता आणि हशाच्या पोटात प्रश्न होता.

पण टाळ्या पडल्या त्या थोरल्या मुलाला, जे. जे.ला. त्याचे डोळे फिरवणे, त्याची उड्या मारीत म्हटलेली एकच आरोळी. लेखकांनी मग त्यालाच मोठे केले. एस्तेर रोल आणि बापाचे काम करणारे जॉन अ‍ॅमॉस या दोघांनीही याविरुद्ध आवाज उठवला. परिणाम काय झाला? तिसऱ्या पर्वानंतर अ‍ॅमॉस यांना काढले गेले आणि १९७६ मध्ये कथेत बापाला मोटार अपघातात मारले गेले. पुढल्या वर्षी रोलही बाहेर पडल्या. १९७८ मध्ये परतल्या तेव्हा मालिका उतरणीला लागली होती. लक्षात घ्या: ज्या घरात बाप असावा म्हणून भांडण झाले, त्या घरातला बाप मेला आणि विदूषक जगला. बाजाराने आपली निवड केली होती.

कोणी म्हणेल, लेखणी आपल्या हाती आली की हा प्रश्न सुटतो. तेही तितके खरे नाही. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘शॅपेल्स शो’त डेव्ह शॅपेल स्वतः लिहीत होते, स्वतः नाचत होते, वर्णद्वेषाचीच टिंगल करीत होते. २००५ मध्ये तिसऱ्या पर्वाचे काम चालू असताना, सुमारे पाच कोटी डॉलरचा म्हणून गाजलेला करार मागे टाकून ते निघून गेले. पुढे २००६ मध्ये त्यांनी ऑप्रा विन्फ्री यांच्या कार्यक्रमात एक कारण सांगितले. तोंडाला काळे फासलेल्या पात्राचा एक प्रवेश चित्रित होत असताना एक गोरा माणूस ज्या तऱ्हेने हसला, ते हसणे त्यांना खटकले. विनोद तोच, लिहिणारा तोच. पण हसणारा विनोदाबरोबर हसत होता की काळ्या माणसाला हसत होता? हा फरक ओळखण्यासाठी सौंदर्यशास्त्र लागत नाही. अंगावरच्या जखमेची आठवण लागते.

आपल्याकडे हा फरक फार पूर्वी ओळखला गेला. तमाशातला सोंगाड्या हसवीत असे. त्याची कला मोठी, पण फडाबाहेर त्याची वाट गावकुसाबाहेरच जात असे. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचाच साचा घेतला आणि हशाची दिशा बदलली. लोक भटशाहीवर, सावकारीवर, आपल्याच अज्ञानावर हसू लागले. विनोद सोडला नाही. विनोदाचा मालक बदलला.

आता दुसरी अट. ही अधिक फसवी आहे, कारण ती अपमानाच्या नव्हे, गौरवाच्या रूपात येते. मासाशी किशिमोतो यांच्या चित्रकथेवरून ‘नारुतो’ ही मालिका २००२ मध्ये जपानी टेलिव्हिजनवर सुरू झाली आणि तिचे उत्तरकांड २०१७ पर्यंत चालले. दोन्ही मिळून ७२० भाग. हिंदी आवाजात ती आपल्याकडेही पोचली, आणि वसतिगृहांतली पोरे ती आवडीने पाहतात. का पाहतात, हे पहिल्याच भागात कळते. नारुतो अनाथ आहे. गावावर कोसळलेला नऊ शेपट्यांचा कोल्हा त्याच्या जन्मादिवशी त्याच्या अंगात कोंडलेला आहे. पोराचा काही दोष नाही. तरी गाव त्याला टाळते, मोठी माणसे आपल्या मुलांना त्याच्यापासून दूर ठेवतात. तो परीक्षेत नापास होतो, गावच्या थोर प्रमुखांचे डोंगरात कोरलेले चेहरे रंगाने बरबटतो. त्याला पहिल्यांदा माणूस म्हणून जवळ घेतो तो एक शिक्षक, इरुका. तेही त्याचे स्वतःचे आईबाप त्या कोल्ह्याने मारलेले असताना. आपल्यातल्या प्रत्येक शिक्षकाने हा भाग पाहावा.

याच मालिकेत ह्युगा नावाचे घराणे आहे. त्यात थोरली शाखा आणि धाकटी शाखा. धाकटीतल्या मुलाच्या कपाळावर लहानपणीच शिक्का उठवतात. थोरल्या शाखेने मनात आणले की त्या शिक्क्यातून त्याला मरणप्राय वेदना देता येतात. शिक्का पुसला जातो तो मेल्यावरच. नेजीचा बाप हा घराण्याच्या प्रमुखाचा जुळा भाऊ. काही क्षण उशिरा जन्मला म्हणून सेवक झाला. माणसाचे प्राक्तन जन्मानेच ठरते, असे नेजी म्हणतो. नारुतो त्याला हरवतो आणि वचन देतो की, गावाचा प्रमुख झाल्यावर मी ही रीत बदलीन. जन्माधिष्ठित व्यवस्थेला इतका उघड नकार लोकप्रिय करमणुकीत क्वचितच सापडतो.

आणि मग मालिका आपलेच म्हणणे गिळू लागते. नारुतो गावाच्या चौथ्या प्रमुखाचा मुलगा निघतो. आई नामांकित घराण्यातली. पुढे तर तो प्राचीन महर्षीच्या पुत्राचा पुनर्जन्म ठरतो आणि अखेरची लढाई दोन पुनर्जन्मांची होते. नेजी युद्धात थोरल्या शाखेच्या मुलीला आणि नारुतोला वाचवताना मरतो. ते वचन तेव्हा अपुरेच असते. त्याच्या मरणाला ‘स्वेच्छेचे’ म्हणून गौरवले जाते. त्याच्या बापाच्या मरणालाही तेच विशेषण लावले होते. घराणे नाही, जादू नाही, केवळ कष्टावर उभा राहिलेला रॉक ली हळूहळू कथेच्या कडेला सरकतो.

ही युक्ती आपल्या परिचयाची आहे. कर्णाच्या अवहेलनेवर मराठी वाचक पिढ्यान्‌पिढ्या हळहळतो. पण तो सूताचाच मुलगा असता तर ही हळहळ उरली असती काय? एकलव्याला तर हरिवंशाने यादवकुळात जन्मलेला आणि निषादांनी वाढवलेला ठरवून टाकले. पराक्रम दिसला की त्याला कूळ चिकटवायचे, म्हणजे कुळाचा सिद्धान्त शाबूत राहतो.

‘नारुतो’ ही बुराकू समाजाची कथा आहे असा माझा दावा नाही. पण तिची पार्श्वभूमी विसरता येत नाही. जपानने १८७१ मध्ये अस्पृश्य गणलेल्या जातींचे हीन स्थान कायद्याने रद्द केले. तरी १९२२ मध्ये त्यांना सुईहैशा ही स्वतःची संघटना उभारावी लागली. १९७५ मध्ये उघड झाले की बुराकू वस्त्यांच्या याद्या कंपन्यांना विकल्या जात होत्या, अर्जदाराचे मूळ गाव तपासता यावे म्हणून. ज्या समाजात कूळ शोधणे हा असा धंदा होता, तेथे नायकाचे कूळ शेवटी उज्ज्वल निघणे ही निरागस गोष्ट राहत नाही.

तर मग या मालिका पाहूच नयेत काय? असे मी म्हणणार नाही. पहिल्या भागातला एकटा नारुतो एखाद्या मुलाला बळ देत असेल, तर ते बळ खोटे नाही. मायकेलचा प्रश्नही खोटा नाही. जे आपले आहे ते उचलावे; पण सोबत कोणती अट येते ती ओळखावी. महाविद्यालयांतल्या मित्रांनी, शिक्षकांनी कथा-कवितेइतक्याच कसोशीने या मालिकांची चर्चा करावी. हसणारा कोण, लिहिणारा कोण, पैसा कोणाचा, आणि शेवटी नायक कोणाचा मुलगा निघतो, हे विचारावे. नारुतो कोणाचाही मुलगा निघाला नसता तरी तो गावाचा प्रमुख होण्यास लायक होता. तसे ठामपणे सांगणारी कथा आता आपल्यालाच लिहावी लागेल.