लीळा क्रमांकाचा पगार कोण देणार?

'लीळाचरित्रा'तली एखादी लीळा कुणाला दाखवायची असेल, तर समोरचा आधी विचारतो: नेन्यांची, तुळपुळ्यांची की कोलत्यांची? ह. ना. नेने यांनी १९३६च्या सुमारास नागपुरातून भाग काढायला सुरुवात केली. शं. गो. तुळपुळे यांचं संपादन साठच्या दशकातलं. वि. भि. कोलते यांचा जाडजूड ग्रंथ १९७८मध्ये राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापला. तिघांच्या पुढ्यातल्या पोथ्या सारख्या नव्हत्या, त्यामुळे लीळांची संख्या वेगळी, क्रम वेगळा आणि क्रमांकही वेगळे. अभ्यासक तळटिपेत संपादकाचं नाव टाकून पुढे जातो. संगणकाला तसं पुढे जाता येत नाही. त्याच्या लेखी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकच आहेत हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

हे 'कुणीतरी' म्हणजे कोण, एवढाच माझा प्रश्न आहे. मी अकोल्याचा, धंद्याने सॉफ्टवेअरवाला. काही रविवार दोन आवृत्त्यांच्या अनुक्रमणिका शेजारी ठेवून तक्ता करून पाहिला. कुठे एका लीळेच्या दोन झालेल्या, कुठे नाव तेच आणि मजकूर भलताच. काम अवघड नाही, पण संपणारंही नाही. उद्या नवी पोथी उजेडात आली की तक्ता पुन्हा उघडायचा. असल्या कामाला प्रकाशन समारंभ नसतो.

आपल्याकडे डिजिटायझेशन म्हटलं की स्कॅनर येतो. पानांचे फोटो निघतात, पीडीएफ होते, इतक्या लाख पानांचं काम झालं अशी बातमी लागते. फोटो काढणं गरजेचंच आहे, वाळवीला तेवढा तरी शह. पण दोन ग्रंथालयांतले फोटो एकमेकांशी बोलायचे असतील तर त्यांच्यात आधी काही ठरलेलं हवं: पोथीचं नाव कसं लिहायचं, पाठ कोणता हे कुठे नोंदवायचं, लीळेला कायमची ओळख कोणती द्यायची. या ठरवण्यालाच मानक म्हणतात. ते एकदा ठरवून भागत नाही, सांभाळावं लागतं. निविदा निघते ती मात्र पानांच्या हिशेबाने.

महानुभावांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळलं होतं, असं मला वाटतं. त्यांची सकळ लिपी हे एक मानकच: नागरी अक्षरांच्या जागी ठरलेली चिन्हं, किल्ली गुरूकडून शिष्याकडे. राजवाडे-भाव्यांच्या पिढीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बाहेरच्या जगासाठी उलगडली, तोवर पंथाने शतकानुशतकं ती जिवंत ठेवली होती. कशाच्या बळावर? मठ होते, भिक्षा होती, पोथी उतरवणाऱ्याच्या जेवणाची सोय होती. 'स्थानपोथी' तर चक्रधरांच्या स्थानांची दिशा-ठिकाणासकट केलेली नोंदवहीच आहे. त्या व्यवस्थेला आपण भक्ती म्हणून मोकळे होतो. ती देखभालीची तरतूदही होती.

आज या लिपीला युनिकोडमध्ये स्वतःचा विभाग नाही. मग टंकलेखन करणाऱ्याने पोथीत दिसतं ते टिपायचं की उलगडून वाचलेलं? टीईआय या आंतरराष्ट्रीय पद्धतीत दोन्ही शेजारी ठेवता येतं. पण महानुभाव पोथ्यांसाठी नेमकं कसं, हे इथल्याच माणसांनी बसून ठरवायचं आहे.

मोडीचं उदाहरण अधिक टोचणारं आहे. २०१४मध्ये मोडी युनिकोडमध्ये आली. अंशुमन पांडे यांनी लिहिलेल्या त्या प्रस्तावामागे बर्कलीचा लिपी-प्रकल्प होता, गूगलचं संशोधन-अनुदान होतं आणि अमेरिकेच्या 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज'चा पैसा होता. पेशव्यांच्या दप्तराची लिपी संगणकात आणण्याचं बिल अमेरिकन करदात्याने भरलं. आभार मानावेत, पण विसंबू नये: एप्रिल २०२५मध्ये त्याच संस्थेची हजाराहून अधिक अनुदानं एका फटक्यात रद्द झाली.

आता रिद्धपूर. मोर्शी तालुक्यातल्या या गावात मराठी भाषा विद्यापीठ आलं आणि ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला. अमरावतीकरांना आनंद झाला, मलाही झाला. पण चर्चा ऐकली की इमारत, अध्यासन, संमेलन, पुरस्कार. आमच्याकडची शकुंतला आठवते, मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळला जाणारी. मालकी खासगी कंपनीची, गाडी चालवणार मध्य रेल्वे. रूळ जुने होत गेले, वेग उतरत गेला, शेवटी गाडीच थांबली. तिच्यावर प्रेम करणाऱ्यांची कमी कधीच नव्हती.

पैसा कसा उभारायचा याचे नमुने जगात आहेत, आणि सगळेच आदर्श नाहीत. रोहन मूर्ती यांनी २०१०मध्ये हार्वर्डला ५२ लाख डॉलर दिले, त्या निधीतून चालणाऱ्या मालेत ॲन फेल्डहाउस यांचं 'लीळाचरित्रा'चं भाषांतर येतं आहे. नियतनिधीचं हे बळ खरं, मात्र तो निधी पुस्तकांसाठी आहे. टीईआय १९८७मध्ये अनुदानांवर सुरू झाली आणि पुढे संस्थांच्या वर्गणीवर चालू लागली. हा मार्ग मला जास्त पटतो, कारण वर्गणी देणारा बैठकीला येतो आणि प्रश्न विचारतो. तमिळनाडू सरकारने तर युनिकोड कन्सॉर्शियमचं सदस्यत्वच घेतलं होतं.

रिद्धपूरला स्कॅनिंगच्या प्रत्येक कंत्राटातला ठरावीक हिस्सा राखून ठेवता येईल, अमरावती-अकोल्याच्या ग्रंथालयांकडून आणि मठांकडून छोटी वार्षिक वर्गणी घेता येईल, आणि त्यातून निदान दोन कायमची पदं भरता येतील: एक पोथ्या वाचणारा, एक माझ्यासारखा. कायमची म्हणजे कायमची, अकरा महिन्यांच्या करारावरची नव्हे. पहिल्या वर्षी त्यांनी फक्त एकांकाचा तक्ता करावा. तिन्ही भागांत तोच सगळ्यांत लहान आहे.